अजून बाहेर गेला नाही

तिसरी रात्र. चाळीस टक्के.
कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलंय, समोर टेबलफॅन.
माग विकून चार वर्षं झाली,
फॅनच्या जाळीला कापूस अजून कुठून चिकटतो कळत नाही.
भद्रावती पेठेत मे महिन्यात
रात्री दोनलाही पत्रा हाताला लावता येत नाही.

जागा शोधायलाच सव्वा महिना गेला.
उणे शून्य पूर्णांक सात चार तीन सहा,
तिथून पुढं आणखी ब्याऐंशी आकडे,
जुन्या जेकार्ड कार्डाच्या पाठीवर उतरवलेत,
भोकं टाळत टाळत.
साठावा आकडा चुकला
तर माणूस दुसऱ्याच कुठल्या गावात उतरतो.
तेही देखणं असतं.
पण ते मी शोधलेलं नसतं.

पडद्यावर एक ओळ उमटते.
मग पंखा गुरगुरतो.
मग बराच वेळ काहीच नाही.

नाना पाणी प्यायला उठतात.
चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस
चष्म्याशिवाय पडद्याला नाक लावतो.
"हा मोर इथं. हा परत इथं.
रिपीट किती इंचाचा?"
रिपीट नाही, नाना.
"दिसतोय की."
दिसतो तसाच, पण तोच नाही.
याच्या मानेला एक वळण जास्त आहे.
ते बोटानं वळणं मोजतात, हरवतात, परत मोजतात.
"कार्डं किती लागली असती रे?"
आणि उत्तराला न थांबता
तांब्या घेऊन खाटेकडं.

कृती सोपी आहे.
एक ठिपका घ्यायचा. वर्ग करायचा.
मूळ आकडा मिळवायचा, परत वर्ग, परत मिळवणी.
आकडा हाताबाहेर पळाला
की कितव्या फेरीत पळाला त्यावरून रंग.
लवकर पळालेले निळे.
उशिरा पळालेले केशरी, काठाला धरून,
बघणाऱ्याचे डोळे त्यांच्यावरच थांबतात.

श्रीनिवास येमुल दहावीचा निकाल न बघता भिवंडीला.
पुष्पलता लग्न होऊन करीमनगरला.
कोंडाबत्तिनकाका तर माग भंगारात गेल्यावर,
पंचावन्नाव्या वर्षी,
पुण्यात कुणाच्या तरी गेटवर.

वेळ खातात ते काळे ठिपके.
अडीच लाख फेऱ्या होतात आणि तो तिथंच.
हा आतला आहे, असं यंत्र कधी म्हणत नाही.
ते फक्त म्हणतं, अजून बाहेर गेला नाही,
काळा भरतं
आणि शेजारच्याकडं वळतं.
मी तेहतीस वर्षांचा आहे.

सव्वातीनला लाईट गेली.
यूपीएस अकरा मिनिटं किंचाळतो, त्यातली दोन
मला माऊस सापडण्यात जातात.
ओळ आठशे एकाहत्तर. जतन.

अंधारात अम्मा
ओल्या पानांवरचं गोणपाट चाचपते,
उद्याच्या हजार विड्यांची पानं सुकता कामा नयेत.
"ओपिक," ती म्हणते,
मला, की पानांना, की स्वतःला.
आमच्या घरच्या तेलुगूत ओपिक म्हणजे दम धरणं,
आणि अंगात उरलेली ताकदही ओपिकच.
कुठली आहे आणि कुठली संपली
हे शब्दावरून ओळखता येत नाही.

गल्लीत सगळे ओट्यांवर.
कुणीतरी वीज मंडळाला शिव्या देतं,
कुणीतरी शिव्या दुरुस्त करून देतं.

पाच दहाला पडदा उजळला.
त्याला टेकवलेल्या कार्डाच्या भोकांतून
उजेडाचे ठिपके समोरच्या भिंतीवर पडले,
नानांच्या उघड्या पाठीवर पडले.
ते झोपेत कूस बदलतात.
नक्षी जरा सरकते.

ओळ आठशे बहात्तर.
पहिला ठिपका काळा येणार असं वाटतंय.
फेऱ्या चालू आहेत.